स्पेशल रूमला नसलेला नियम

"हिचं आधी सगळं साफ करून घ्या. खाडीवरच्या बायका ह्या. स्टाफमधली असली म्हणून काय झालं?"

मी लेबर टेबलावर आडवी होते. कळा सुरू झालेल्या. मॅडम माझ्याशी बोलत नव्हत्या, आयाबाईशी बोलत होत्या. माझ्या पायांशी इंटर्न पोरं उभी. त्यातला एक हसला. आदल्याच आठवड्यात तो मुलांच्या वॉर्डात "सिस्टर, सिस्टर" करत माझ्या मागे फिरत होता. मी तिथे स्टाफ नर्स होते. त्या दिवशी मी फक्त दोन पाय होते.

आयाबाईने वस्तरा काढला. स्टीलचा, ब्लेड घालायचा. ब्लेड आधीच्या बाईचंच. डेटॉलच्या पाण्यात बुचकळलं की झालं. टेबलाला पडदा होता, पण जनरल वॉर्डात तो ओढायची पद्धत नव्हती. कळ आली की मी हलायचे. मी हलले की ब्लेड लागायचं. लागलं की आयाबाई खेकसायची, "नीट पड ना गं! कापलं तर मला नको बोलू."

मग एनिमा. तोही सगळ्यांसमोर. आणि मग धाव. संडास पॅसेजच्या टोकाला. मागून उघडा गाऊन, एक हात भिंतीला, एक हात पोटाखाली. पॅसेजमध्ये बाकावर नातेवाईक बसलेले. त्यात माझा नवरा. त्याने मान खाली घातली. आणि त्यात माझी धाकटी बहीण सुमन. तिने मान खाली घातली नाही. ती डोळे फाडून बघत राहिली.

तिचं ते बघणं पुढे आम्हाला फार महाग पडलं.

ही ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलची गोष्ट. ऐंशीचं दशक सरत आलेलं. मी कोलशेतची, कोळ्याची पोर. बापाची होडी खाडीत, आई टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात. मी शिकले, नर्स झाले, लग्न करून डोंबिवलीला गेले. वाटलेलं, आता मासळीचा वास मागे राहिला. युनिफॉर्म पांढरा, बूट पांढरे, टोपी पांढरी. लेबर टेबलावर ते सगळं उतरवतात. मग खाली राहते ती खाडीवरची.

मॅडम म्हणजे आमच्या प्रसूती विभागाच्या मुख्य. हुशार बाई, हात चांगला, नाही म्हणणार नाही. अडलेली बाई त्यांनी सोडवली की बघत राहावं. पण बोलणं! एकदम शुद्ध, एकदम शांत, आणि आत सुरी. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांना गरजच नव्हती.

मला मुलगी झाली. टाके पडले, ब्लेड लागलेलं तिथे पू झाला. म्हणजे बघा, इन्फेक्शन होऊ नये म्हणून केलेल्या कामाने इन्फेक्शन. राउंडला मॅडम आल्या तेव्हा मी विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

"मॅडम, हे शेव्हिंग का करतात?"

"इन्फेक्शन होऊ नये म्हणून. पुस्तकात आहे."

"मग स्पेशलमध्ये का नाही करत?"

मुलांच्या वॉर्डातून नव्या बाळांना बघायला मीच स्पेशल रूममध्ये जायचे. मला माहीत होतं. मी बाळंत झाले त्याच दिवशी तिथे मानपाड्याच्या एका कारखानदाराची सून बाळंत झाली, तिथल्या सिस्टरने सांगितलेलं. तिला वस्तरा नाही, एनिमा नाही. पडदा तर सोडाच, अख्खं दार होतं तिच्या वाटणीला.

मॅडम हसल्या. "त्यांना नाही आवडत हो. आणि त्यांचं वेगळं असतं. स्वच्छ असतात ते लोक."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण गेली आणि तिथेच राहिली, तोंडातून बाहेर आली नाही. ट्रेनिंगमध्ये हे शेव्हिंग मीही केलेलं, सगळ्याच नर्सेस करतात. का म्हणून विचारायचं नसतं. आमचं अर्धं ट्रेनिंग तेच होतं.

वर्षभरात सुमनला दिवस गेले. तिचं सासर कोलशेतलाच. मी म्हटलं, नाव घालते हॉस्पिटलात, तपासायला ये. ती चुलीसमोर बसलेली. उठलीसुद्धा नाही.

"बाय, मना नाय जावाचा तिकरं."

"अगं, मी आहे ना तिथे."

"तू तवा पन होतीस. तुजी दशा मी बगली ना. मी घरानूच बालंत व्हईन."

मी समजावलं, रागावले, शपथ घातली. तिच्या सासूलाही सांगून बघितलं. पण सुमन एकदा नाही म्हणाली की नाही. आणि मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते, की तुझं तसं होणार नाही? होणारच होतं. नियम होता.

ती घरीच अडली. सकाळपासून अडलेली, दुपारी शेजारच्या कंपनीच्या टेम्पोत घालून तिला आणली. मला मुलांच्या वॉर्डात निरोप आला. मी खाली धावत गेले तेव्हा बाळ बाहेर आलेलं होतं. मुलगा. नीट सगळा घडलेला, नखं सुद्धा. रडला नाही. सुमनच्या अंगातून रक्त थांबेना. मॅडमनीच तिला वाचवलं, हेही खरं आहे. आणि हात धुता धुता मॅडमच बोलल्या, हेही खरं आहे.

"वेळेवर यायला काय होतं ह्या बायकांना? अडाणीपणा, दुसरं काय!"

सुमन जागी होती. तिने ऐकलं. तिच्या कुशीत बाळ नव्हतं आणि कानात ते वाक्य. मी तिच्या उशाशी उभी होते, युनिफॉर्ममध्ये, ताठ.  

बाळ का गेलं, तर म्हणे अडाणीपणाने. असंच मांडलं गेलं. पॅसेजमधून बहिणीला उघडी पळताना बघितलेली एक पोर घाबरली, असं कोणी म्हणालं नाही. ते कुठल्या रकान्यात घालणार?

आमच्या हॉस्पिटलात दर शनिवारी दुपारी डॉक्टरांची मीटिंग असायची. परदेशातल्या मासिकातला एखादा संशोधनाचा लेख एकाने वाचायचा, बाकीच्यांनी त्याच्यावर बोलायचं. वाचन डॉक्टरांचं, चहा सिस्टरांनी ओतायचा, ही पद्धत. बाकीच्या सिस्टर हे काम टाळायच्या. सुमनचं बाळ गेल्यावर मी ते मागून घ्यायला लागले. किटली घेऊन भिंतीशी उभी राहायचे आणि ऐकायचे. अर्धं डोक्यावरून जायचं. पण एवढं कळलं की हे लोक प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारतात. हे औषध खरंच लागू पडलं का? कशावरून? तुलना कोणाशी केली? मला नवल वाटलं. शनिवारी विचारतात, मग सोमवारी वॉर्डात का नाही विचारत?

एका शनिवारी हिंमत केली. कप पुढे करता करता म्हटलं, "मॅडम, शेव्हिंगवर असा लेख असेल का? केल्याने खरंच फायदा होतो का, असा?"

मॅडमनी कप घेतला. मग मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, रिसर्च म्हणजे मासळी निवडणं नाही. चहा थंड होतोय."

सगळे हसले. तो इंटर्नही. आता तो हाऊसमन, म्हणजे वॉर्डाचा निवासी डॉक्टर झालेला, हसण्यातही बढती झालेली. मी उरलेले कप भरले. हात जरासुद्धा हलला नाही, ह्याचाच मला नंतर राग आला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मला पुढचं शिकायचंय. तो म्हणाला, "पोर लहान आहे." मी म्हटलं, "म्हणूनच."  पुढे त्यानेच तिला सांभाळली.

मुंबईला नर्सिंगचा पुढचा कोर्स होता, रजा घेऊन करायचा. तिथे संशोधन हा विषय शिकवायला एक ट्यूटर होत्या. केरळच्या, थॉमस सिस्टर. राहायला कल्याणला. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, बोलणं हिंदी-मराठीची खिचडी, आणि स्वभाव म्हणजे मिरची. कोर्सचा प्रबंध कशावर करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाळंतपणाआधीच्या शेव्हिंगवर. वर्गातल्या पोरी खुसखुसल्या. थॉमस सिस्टरने डोळा वर केला.

"क्यूं? तुझा काय प्रॉब्लेम?"

मी सगळं सांगितलं. सुमनचंही. त्यांनी ऐकून घेतलं, च्‌ च्‌ केलं नाही. "संडे को घर आ," म्हणाल्या. "पहले किताब बघू."

त्यांच्या कल्याणच्या खोलीत आम्ही पुस्तकापासून सुरुवात केली. मॅडमचं तेच पुस्तक, जाडजूड. त्यात लिहिलेलं, शेव्हिंग करावं, त्याने इन्फेक्शन टळतं. खाली आधार म्हणून दुसऱ्या पुस्तकाचं नाव. ते दुसरं मिळवलं. त्यात तिसऱ्याचं नाव. तिसऱ्यात काय? तिसऱ्यात काहीच नाही. कोणा साहेबाचं मत. असं असावं, असं त्याला वाटलं. बस. त्याला वाटलं, म्हणून माझ्या अंगावर ब्लेड चाललं! मी ते पान बघून इतकी संतापले की पुस्तक आपटलं. थॉमस सिस्टर म्हणाल्या, "किताब लायब्ररीची आहे. गुस्सा तुझा आहे. अलग ठेव."

मग खरे लेख शोधायचे. मोठ्या मेडिकल लायब्ररीत गेले. काउंटरवरचा माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "डॉक्टर आहात?" नाही म्हटलं. "मग हे घेऊन करणार काय?" वाचणार, म्हटलं. त्याला ते पटायला पुढचे कितीतरी दिवस लागले. मी रोज तिथे जाऊन बसायचे. इंग्रजी मला यायचं ते औषधांच्या नावांपुरतं. शब्दकोश उघडा ठेवून एकेक ओळ फोडायचे. एक पान संपेपर्यंत जीव जायचा. पण गंमत अशी की ते अवघड नव्हतंच. ते फक्त अवघड करून ठेवलेलं होतं. थॉमस सिस्टरने प्रश्न दिलेले, आणि ते प्रश्न घेऊन बसलं की मोठमोठे लेख पोपटासारखे बोलायला लागायचे.

कुठल्या बाईला वस्तरा लावायचा आणि कुठलीला नाही, हे कोणी ठरवलं? डॉक्टरच्या मर्जीने ठरलं असेल तर सगळं फुकट. जी आधीच बरी, तिला एका बाजूला घालणार, आणि मग बघा आमच्या उपायाने बरी झाली! चिठ्ठ्या टाकून ठरलं असेल तर पुढे वाच. नंतर जखम तपासणाऱ्याला माहीत होतं का, कोणाला वस्तरा लागलाय? माहीत असेल तर त्याचे डोळे त्याला हवं तेच बघणार. ज्या बाया मध्येच निघून गेल्या, त्यांचं काय केलं? मोजल्या की झटकून टाकल्या? आणि सगळ्यात आधी, लेख उघडायच्याही आधी, आपण कुठले लेख घेणार, काय मोजणार आणि कुठल्या फुटपट्टीने, ते लिहून ठेवायचं. नंतर बदलायचं नाही.

त्या शेवटच्या गोष्टीत मी माती खाल्ली.

एका रविवारी मी फुशारकीने सगळे लेख त्यांच्यापुढे मांडले. सगळे एका सुरात बोलत होते, शेव्हिंगचा फायदा नाही. मी म्हटलं, झालं, मॅडमच्या तोंडावर मारते आता. थॉमस सिस्टरने एकेक बघितला. मग माझ्या पिशवीकडे बघितलं. पिशवीतून एका लेखाचा कोपरा बाहेर आलेला.

"वो कौनसा?"

"तो काही कामाचा नाही. त्यात म्हटलंय शेव्हिंग चांगलं. फालतू आहे."

"फालतू कैसे मालूम? वाचला?"

मी वाचला नव्हता. पहिलं पान वाचून डोक्यात अशी तिडीक गेली की तो बाजूलाच टाकला. बाकीचे मात्र मी आवडीने वाचलेले, आणि खरं सांगायचं तर त्यांना प्रश्न कमी विचारलेले.

थॉमस सिस्टर ओरडल्या. शेजारच्या खोलीतलं माणूस बाहेर आलं इतक्या ओरडल्या. "तेरी मॅडम क्या करती है? जो पसंद वो रखती है, बाकी फेकती है. तू क्या किया? तोच किया ना! मग तिच्यात आणि तुझ्यात फरक काय, तू कोळीण आणि ती बामणीण, इतना ही?"

मला रडूच फुटलं. रागाने. मला ह्या बाईचा राग आला, मग मॅडमचा आला, मग समजलं की ही बाई बरोबर बोलतेय, म्हणून आणखी आला. "माझ्या बहिणीचं बाळ गेलंय!" मी ओरडले.

"हां. इसीलिए सही कर. बहन के लिए झूठ बनाएगी तर एक दिवस पकडेंगे. मग तिचं बाळ अजून एकदा मरेल."

मी तो लेख पिशवीतून काढला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तेच प्रश्न विचारून. तो माझ्या रागाने नाही पडला, स्वतःच्या पायांनी पडला. त्यात वस्तरा कोणाला लावायचा ते डॉक्टरांनीच ठरवलेलं. मग मी बाकीचे सगळे परत काढले आणि त्यांनाही तसंच सोलून काढलं. माझ्या आवडीचे दोन तिथे गळाले. गळताना जीव तुटला. गळाले तर गळाले.

जे उरले ते एकत्र मांडले. ते सांगत होते एवढंच: शेव्हिंगने इन्फेक्शन कमी होतं असं दिसलं नाही. कापणं, खाजणं, आग होणं, हे मात्र दिसलं. अभ्यास लहान आहेत. मोठे हवेत. बस. मला वाटलेलं सिंहगर्जना निघेल. निघाली ही चार वाक्यं. पण ती चार वाक्यं कोणाच्या बापाला हलवता आली नसती.

मी विचारलं, "आणि सुमन? ज्या बाया शरमेने आल्याच नाहीत, त्या कुठल्या लेखात आहेत?"

थॉमस सिस्टरने लेखांचा गठ्ठा बांधला. मग म्हणाल्या, "किसीमें नहीं. जी आली नाही, तिला कोण मोजणार? वो अलग सवाल है. ह्याच्यात मिक्स मत कर. लेकिन भूल भी मत."

मी काही विसरले नाही.

कोर्स संपवून परत आले, तर लेबर वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून नेमणूक झाली. नव्वद उलटून गेलेलं. दारात एसटीडीचा पिवळा बूथ आलेला, स्पेशल रूमला टीव्ही लागलेला. जनरल वॉर्डात तोच वस्तरा, तोच न ओढलेला पडदा.

आणि सुमनला परत दिवस गेलेले. ह्या वेळी तिने तपासायला यायचं कबूल केलं. एका अटीवर. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाय, तू शबूद दे. मना कोन हात नाय लावनार तसा."

मी शब्द दिला. नियम तसाच असताना दिला.

शनिवारच्या मीटिंगला मी मॅडमकडे वेळ मागितला. त्यांना गंमत वाटली असावी. "चालेल. सिस्टरांनाही कळू दे वाचन म्हणजे काय ते," म्हणाल्या. मी किटली टेबलावर ठेवली आणि फळ्याशी गेले. मराठीत बोलले. पुस्तकामागचं पुस्तक आणि त्यामागचं पुस्तक सांगितलं. कुठले लेख घेतले, कुठले गळाले, माझ्या बाजूचेही का गळाले, तेही सांगितलं. चार वाक्यं फळ्यावर लिहिली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अभ्यास लहान आहेत, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे नक्की काही कळलेलं नाही. मग आपली पद्धत कशाला बदलायची? बसा. छान वाचलंत."

"मॅडम, नक्की कळलेलं नाही, तर मग बाईच्या अंगावर ब्लेड चालवायचं कशाच्या जोरावर? पुरावा करणाऱ्याने द्यायचा की सोसणारीने?"

"सिस्टर, ह्या बायकांची स्वच्छता तुम्हाला ठाऊक नाही का? तुम्ही तर त्यांच्यातल्याच."

तेव्हा मी ते बोलले, जे त्या पहिल्या राउंडला तोंडातून बाहेर आलं नव्हतं.

"फळ्यावर लिहिलाय तो पुरावा आहे. आता बोलते तो राग आहे. दोन्ही मी वेगळे ठेवलेत. ह्या हॉस्पिटलात फायद्याची कुठली गोष्ट आजवर जनरल वॉर्डात आधी आली? पंखा आला का? पडदा आला का? ह्या वस्तऱ्यात फायदा असता, तर तो तुम्ही स्पेशल रूमला आधी दिला असता. बिलात लावून दिला असता."

कोणी हसलं नाही.  मॅडमनी घड्याळ बघितलं. "पद्धत चालू राहील," म्हणाल्या, आणि उठल्या. त्या दिवशी चहा कोणीच प्यायला नाही.

सुमन आली ती भर दुपारी. जेवणाची ताटं वाटणं चाललेलं. कळा जोरात. तिने टेबलावर चढताना माझ्याकडे बघितलं, तसेच डोळे फाडून. राउंड आला. मॅडम, मागे नवी इंटर्न पोरं.

"प्रिपेरेशन झालं?"

"नाही."

"का?"

"होणार नाही. तिला नको आहे."

"तिला विचारलंय कोणी?"

"मी विचारलं."

मॅडम आयाबाईकडे वळल्या. "मावशी, तुम्ही करा." आयाबाईने ट्रे उचलला. मी तिच्या हातातून घेतला आणि सिंकमध्ये ठेवला. मग मी पडदा धरला. किती वर्षं ओढलेला नव्हता, कड्या गंजलेल्या. अडकला. मी हिसडा दिला. कर्रर्र करत तो पूर्ण ओढला गेला. मॅडम आणि ती पोरं बाहेर, आम्ही आत.

"सिस्टर, हे तुम्हाला महागात पडेल," बाहेरून आवाज आला. तेव्हा पहिल्यांदा तो आवाज चढलेला ऐकला.

"नाडी व्यवस्थित आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत," मी आतून सांगितलं. "बाळंतपणाला तुम्ही लागलात तर हाक मारते. वस्तऱ्याला हाक मारणार नाही."

सुमनला मुलगी झाली. रडली. काय रडली! पॅसेजच्या टोकाला ऐकू गेलं असेल. सुमनही रडली, आधीच्या पोरासाठी. मी रडले नाही. मला ठाऊक होतं काय होणार ते.

पुढच्या शनिवारी मला मीटिंगला बोलावलं. सगळे बसलेले. मॅडमनी किटलीकडे बोट दाखवलं. "सगळ्यांसमोर माफी मागा, चहा द्या, आणि विषय संपवा."

मी किटली उचलली नाही.

"माझ्या चार वाक्यांतलं एखादं चूक असेल तर दाखवा. ते मी खोडून टाकीन आणि माफीही मागेन. शिस्त मोडल्याची माफी मात्र मिळणार नाही." एवढं बोलून मी दारातून बाहेर पडले.

सोमवारी माझी बदली झाली. तळघरात, चादरी-टॉवेलच्या खोलीत. आणि लेबर वॉर्डात वस्तरा चालूच राहिला. पडदा कोणीतरी बाजूला बांधून टाकला. जिंकले बिंकले काही नाही मी. एका सुमनला वाचवलं. तिच्यामागून त्या टेबलावर चढलेल्या बाया मी मोजू शकत नाही, आणि ज्या चढल्याच नाहीत, घरातच अडल्या, त्या तर कोणीच मोजणार नाही. हे आठवलं की आजही माझं रक्त उकळतं, आणि ते थंड व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

पण तळघरात शिकाऊ नर्सेस येतात, चादरी न्यायला. पोरीच त्या. खाडीवरच्या, खडवलीकडच्या, चाळीतल्या. मी त्यांना चादरी मोजून देते आणि प्रश्न देते. तुला आज काय करायला सांगितलं? का? कशावरून? कोणावर केलं, आणि कोणाला सोडलं? नाही विचारलंस? जा, विचारून ये. मग चादर मिळेल. पहिल्यांदा त्या घाबरतात. काही रडतात. परवा एक वर लेबर वॉर्डात विचारून आली आणि तिची रजा कापली गेली. ती खाली येऊन म्हणाली, "सिस्टर, उद्या परत विचारते."

मला रागाबद्दल कोणी उपदेश करू नये. राग मी वेगळा ठेवायला शिकलेय, टाकून द्यायला नाही. तुमचे सगळे लेख आणा, माझ्या बाजूचे, तुमच्या बाजूचे, मी सगळे एकाच फुटपट्टीने वाचीन. मी चुकले तर सांगा. पण तोवर, जे स्पेशल रूममध्ये करायला तुमचा हात धजत नाही, ते माझ्या बाईच्या अंगावर करायचं नाही. पुरावा असेल तर दाखवा. नसेल तर हात मागे घ्या.